आजोबांचा उर्दू कागद, आपल्या भागातल्या पाच-सहा भाषा अन् एक प्रश्न

देगलूरकर
राम राम मंडळी. दिवाळीला गावी गेलतो, जुनं माळवद उतरवायचं ठरलंय म्हणून सामान काढत होतो तर आजोबांची लोखंडी पेटी सापडली. वर कापडं, पंचांग, पावत्या, अन् तळाला चार घड्या घातलेला एक कागद, सगळा उर्दूत. घरात कुणालाच वाचता येईना. वडलांना एवढंच आठवतंय की आजोबा स्वतः उर्दूत शिकलेले, तेव्हा निजामाच्या राज्यात कचेरीतलं सगळं कामकाज उर्दूतच चालायचं ना. म्हणजे बघा, नातवाला आजोबाचा कागद वाचता येत नाही, भाषा दोन पिढ्यांत घरातून गेली.

शेवटी गल्लीतल्या रिटायर उर्दू मास्तरांकडं गेलो, आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. त्यांनी भिंग लावून अर्धा तास घातला अन् म्हणले हे कचेरीतल्या कारकुनाचं घसट्यातलं अक्षर आहे, शिकस्ता म्हणतात त्याला, मला सावकाश वाचू दे, कागद ठेवून जा. वर साल कळलं तेवढं, १३५१ फसली, म्हणजे निजामाच्या कचेरीतलं सरकारी साल. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९४१-४२.

येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. आमच्या देगलुरात, नांदेड जिल्ह्यात तेलंगणा-कर्नाटकच्या शिवेवर, बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी म्हणजे आपल्याकडची उर्दू बोली, अन् तांड्यावरच्या बंजाऱ्यांची गोरमाटी एवढ्या भाषा एका रस्त्यावर ऐकू येतात अन् कुणाचं काही अडत नाही. पण टीव्ही लावला की भाषेवरून नुसती भांडणं. तर मला मनापासून विचारायचंय की एवढ्या भाषांनी आपल्याला जोडून ठेवलंय का आपण एवढ्या भाषा असूनसुद्धा कसंबसं एकत्र राहिलोय? दोन्हीत लई फरक आहे. तुमच्या गावाचं काय ते लिहा, पुस्तकी नको.

धर्माबादी_मिरची
देगलूरकर भाऊ, आमची मिरचीची आडत आहे. लाल मिरची तेलंगणातून येते, गाडीसोबत येणारा शेतकरी तेलुगू बोलतो, हमाल दखनी बोलतात, अन् पट्टी आम्ही मराठीत लिहितो. माझ्या वडलांची शाळा चौथीपर्यंतच पण तीन भाषांत भांडता येतं अन् तीन भाषांत समजूतही घालता येते. लहानपणी मी तेलुगू शिकलो ते आकड्यांतून, ओकटि रेंडु मूडु नालुगु, पोती मोजता मोजता. आडतीवर माणूस आला की पहिला प्रश्न भावाचा नसतो, "तिन्नारा?" म्हणजे जेवलात का. मग चहा, मग भाव.

भाव ठरताना समोरच्याच्या भाषेत बोललं की माणूस ढिला पडतो असं लोक म्हणतात, मला ते धंद्याची युक्ती म्हणून सांगायचं नाहीये. भाषा येत नसली की माणसाला सारखं वाटत राहतं की हे लोक आपसात काय बोलायलेत, आपल्याला फसवायलेत का. भाषा आली की तो संशयच जातो. मोंढ्यात निम्मी भांडणं संशयातून होतात, पैशातून नाही.

बालाघाट
धागा चांगला आहे पण मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे की मराठी शाळा काढायची तर परवानगीसाठी हेलपाटे मारावे लागायचे, कोर्टात आपल्या जमिनीचा निकाल आपल्याला कळत नसायचा, दुसऱ्याला पैसे देऊन वाचून घ्यावा लागायचा. राज्यात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे अन् कारभार उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला सुरू झालं तेही उर्दू माध्यमाचं. मग त्याला आपण भाषांचं वैभव म्हणायचं का? ज्याच्यावर भाषा लादली त्याला विचारा. देगलूरकर, तुमचे आजोबा हौसेनं उर्दू शिकले का पोटासाठी, हाही प्रश्न आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून आपण मोकळे झालो त्यात भाषेचाही भाग होता हे विसरू नये एवढंच.

देगलूरकर
बालाघाट दादा, राग कशाला. पोटासाठीच शिकले असणार. तुमचा मुद्दा खरा आहे अन् तो या धाग्यात पाहिजेच होता.

रोशन_गेट
बालाघाट भाऊ, मी औरंगाबादची, उर्दू मिडियमच्या शाळेत शिकवते. तुमच्या आजीनं भोगलं ते खरं आहे, मी नाही म्हणणार नाही. पण भाषा अन् दरबार या दोन गोष्टी वेगळ्या करून बघा ना. शोएबुल्ला खान हे नाव आमच्या मुलांना मी दरवर्षी सांगते. हैदराबादेत 'इमरोज' नावाचा उर्दू पेपर काढायचे, संस्थान भारतात सामील झालं पाहिजे असं उर्दूतून लिहायचे, अन् म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी त्यांचा खून केला. म्हणजे निजामाच्या विरोधातली एक धारदार लेखणी उर्दूच होती. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे नाव आलं तर माझ्या वर्गातल्या पोरांना झेंड्याखाली उभं राहताना किती बरं वाटेल.

अन् दरबाराच्या आधीची उर्दू तर आपल्या मातीतलीच. वली याच शहराचे, वली औरंगाबादी. १७०० च्या आसपास दिल्लीला गेले तेव्हा तिथले शायर फारसीत लिहायचे, वलींची गझल ऐकून त्यांना वाटलं की अरे बोलीतही लिहिता येतं. ती बोली दखनी, अन् दखनीत मराठी किती आहे बघा. आम्ही 'नहीं चाहिए' म्हणत नाही, 'नक्को' म्हणतो, ते तुमचं नको. 'वोइच', 'ऐसाइच', 'मैंच' यातला च कुठला आहे सांगा? लखनौचा माणूस हसतो आमच्या च ला. तो च मराठीचा आहे भाऊ, आम्ही तो टाकला नाही, टाकणार पण नाही.

उदगीरची_लेक
रोशन ताई, च वर एकदम अंगावर काटा आला.

माझं माहेर उदगीर, आई बिदरकडची, घरात कन्नड. १९५६ च्या आधी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदर जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचना झाली, बिदर म्हैसूर राज्यात गेला अन् आम्ही मुंबई राज्यात आलो. माझ्या आईच्या दोन मावश्या एका रात्रीत परराज्यातल्या झाल्या पण लग्नं थांबली नाहीत, अजून सोयरीक चालूच आहे. आमच्याकडं मुलगी बघायला जाताना कुठली भाषा बोलते हे कुणी विचारत नाही, येईल की शिकून म्हणतात, अन् येते. माझी वहिनी आली तेव्हा "ऊट आयता?" एवढंच कळायचं तिला, आता आईशी कन्नडमध्ये तासभर फोनवर बोलते.

लिंगायत घर असल्यामुळं आजोबा सकाळी बसवण्णांची वचनं कन्नडमध्ये म्हणायचे अन् संध्याकाळी मन्मथस्वामींचे अभंग मराठीत. मन्मथस्वामींच्या समाधीला कपिलधारला गेलं की दोन्ही ऐकू येतात. लहानपणी मला कळायचंच नाही की या दोन वेगळ्या भाषा आहेत, मला वाटायचं देवाशी सकाळचं वेगळं बोलायचं अन् संध्याकाळचं वेगळं.

मापाडी
अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे सगळे कन्नडमधून आलेले शब्द ना? शाळेच्या पुस्तकात होतं.

उदगीरची_लेक
हो. अन् शब्दांपेक्षा मोठी एक गोष्ट आली आहे, ती मला बीएला मराठीच्या मॅडमनी सांगितली होती अन् तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मराठीत आपण 'आम्ही' अन् 'आपण' वेगळं म्हणतो. 'आम्ही जेवायला चाललो' म्हणजे तू नाहीस. 'आपण जेवायला जाऊ' म्हणजे तूही. हिंदीत दोन्हीला 'हम', इंग्रजीत दोन्हीला 'वी'. तेलुगूत मात्र आपल्यासारखंच आहे, 'मेमु' म्हणजे आम्ही अन् 'मनमु' म्हणजे आपण. भाषेचे अभ्यासक म्हणतात की हा भेद मराठीत द्रविड भाषांच्या शेजारामुळं आला. म्हणजे समोरच्याला आपल्यात धरायचा शब्द आपल्याला शेजाऱ्यांकडनं मिळालेला आहे. याच्यापुढं मला काही बोलायची गरज वाटत नाही.

धर्माबादी_मिरची
ताई खरंय एकदम!! 'मन ऊरु' म्हणतात तेलुगूत, आपलं गाव. आमच्याकडं आलेला शेतकरी पहिल्या वर्षी 'मा ऊरु' म्हणतो, आमचं गाव. चार-पाच वर्षं येत राहिला की धर्माबादला 'मन ऊरु' म्हणायला लागतो. हे मी रोज ऐकत होतो पण कधी असं लक्षात आलं नव्हतं.

रोशन_गेट
दखनीत पण आहे की. 'हम' वेगळं अन् 'अपन' वेगळं. "चलो अपन चाय पीयेंगे."

तांड्यावरचे_मास्तर
उशिरा येतोय पण मला जरा लांब लिहायचंय.

मी झेडपीचा शिक्षक, तांड्यावर नऊ वर्षं आहे. पहिल्या वर्षी पहिलीच्या वर्गात अठरा पोरं, अन् त्यातली तीन सोडली तर कुणी तोंडच उघडेना. मला वाटलं लाजतात. दिवाळीनंतर निम्मी आईबापासोबत ऊसतोडीला गेली, परत आली तेव्हा पुन्हा तसंच. एके दिवशी एक पोरगी रडत होती, मी विचारतोय आई कुठाय, आई कुठाय, ती बघतेय नुसती. शेजारच्या पोरानं विचारलं "याडी?" अन् ती लगेच बोलायला लागली, थांबेचना. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. सहा महिने त्या लेकरांना मी अशा भाषेत शिकवत होतो की ज्यात त्यांना आई हा शब्दसुद्धा ऐकू येत नव्हता.

मग मी वही केली. याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकर, असे दोनेकशे शब्द, तांड्यावरच्या बायांनी सांगितले, नायकांनी सांगितले. फळ्यावर एका बाजूला गोरमाटी अन् एका बाजूला मराठी, दोन्ही देवनागरीतच. गोरमाटीला स्वतःची जुनी लिपी नाही, आपल्याकडं ती देवनागरीत लिहितात, पलीकडं तेलंगणात तेलुगू लिपीत अन् कर्नाटकात कन्नड लिपीत, म्हणजे एकाच भाषेची तीन राज्यांत तीन रूपं. एका वर्षात पोरांची मराठी सुधारली. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, त्यांना वाटतं घरची भाषा वर्गात आणली की मराठी मागं पडेल. उलट झालं. ज्या लेकराला स्वतःच्या भाषेत बोलायला मिळतं ते दुसऱ्या भाषेला घाबरत नाही.

अन् हे माझ्या मनाचं नाही, घटनेतच आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं कलम ३५०अ आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्यानं करावी असं त्यात आहे. कागदावर आहे. गोरमाटी आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाही, गोंडीही नाही, मग पुस्तकं कोण छापणार. शिक्षकानं वही करायची अन् बदली झाली की वही पण त्याच्याबरोबर जायची.

होळीला तांड्यावर लेंगी नावाची गाणी म्हणतात. मागच्या होळीला पोरांनी मला मधे उभं केलं अन् म्हणायला लावलं. चुकत चुकत म्हणलो. त्या पहिल्या वर्गातल्या पोरीची आजी मला आता मास्तर म्हणत नाही, भिया म्हणते, भाऊ.

बालाघाट
मास्तर, तुमचं वाचून थांबलो. दोनदा वाचलं. तुम्ही जे सांगताय त्यात मराठीही वाढतेय अन् त्यांची भाषाही राहतेय. माझा विरोध याला नाहीच. माझी भीती वेगळी आहे. आमच्याकडं ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले, अन् त्याच घरातली पोरं इंग्लिश मिडियमला, भाकरीला काय म्हणतात ते नीट सांगता येत नाही. पुढं पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, आरडाओरड झाली, २९ जून २०२५ ला मागं घेतला. मी त्या विरोधात होतो अन् अजून आहे. मला हिंदीचा राग नाही, वरून कुणीतरी ठरवायचं की पाच-सहा वर्षांच्या लेकरानं काय शिकायचं, हे आम्ही एकदा बघितलेलं आहे.

देगलूरकर
दादा मला वाटतं तुमचा अन् मास्तरांचा मुद्दा एकच आहे. शेजाऱ्याची भाषा गरजेनं, मायेनं शिकली की जोडते. हुकमानं आली की मनात अढी बसते. भाषा तीच असू शकते. माझ्या आजोबांना उर्दू हुकमानं आली असेल पण चाचांच्या वडलांबरोबर ते ओट्यावर बसून उर्दूतच गप्पा मारायचे असं वडील सांगतात, तिथं कुणाचा हुकूम होता?

परळीकर
इतिहासातली एक गोष्ट राहिली. हैदराबाद संस्थानात आधी तीन वेगळ्या भाषिक संघटना होत्या, महाराष्ट्र परिषद, आंध्र महासभा, कर्नाटक परिषद. आपापल्या भाषेच्या शाळा, वाचनालयं यासाठी लोक त्यातून काम करायचे. त्याच लोकांतून पुढं १९३८ ला स्टेट काँग्रेस उभी राहिली अन् सत्याग्रह झाला. आधी प्रत्येकानं आपली भाषा धरली अन् मग तिघं एकत्र आले, भाषा सोडून नाही. स्वामी रामानंद तीर्थ जन्मले सिंदगीला, आजच्या कर्नाटकात, अन् शिकवलं हिप्परग्याला, अंबाजोगाईला. मराठवाड्यानं त्यांना कधी बाहेरचं म्हणलं का? तिकडं तेलंगणाचे नरसिंह रावही त्याच चळवळीतले, पुढं पंतप्रधान झाले, पण त्यांनी आपल्या हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेली हे किती जणांना माहितीये?

वॉर्ड_नंबर_७
मी नर्स आहे, सरकारी दवाखान्यात, नाव लिहीत नाही. नाईटला असते म्हणून आत्ता लिहितेय.

वर सगळं गोड लिहिलंय सगळ्यांनी पण भाषा नसली की काय होतं ते मी बघते. किनवटच्या आतल्या भागातून एक म्हातारी आणली होती, गोंडी बोलणारी. सोबतचा नातू औषध आणायला खाली गेलेला. ती हातानं काहीतरी दाखवत होती, डॉक्टर नवीन होते, मराठी-हिंदी दोन्हीत विचारून बघितलं, आम्हाला वाटलं पोट दुखतंय. नातू वर आला तेव्हा कळलं की ती श्वास कोंडतोय म्हणत होती. अर्धा तास गेला. वाचली, देवाची कृपा. पण त्या अर्ध्या तासात तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी विसरत नाही.

तेव्हापासून आम्ही चौघीजणींनी मिळून एक कागद भिंतीला लावलाय. कुठं दुखतं, श्वास, चक्कर, लघवी, किती दिवसांपासून, जेवलात का. मराठी, दखनी, तेलुगू, गोंडी, गोरमाटी. गोंडीचं त्या नातवानंच सांगितलं. कुणी सांगितलं नव्हतं लावायला, अजून कुणी काढायलाही लावलं नाही. तेलुगू पेशंटला मी तेलुगूत नाव विचारलं की बीपी खाली येतं असं आमच्या सिस्टर म्हणतात, मला ते खरंच वाटतं.

तांड्यावरचे_मास्तर
ताई, गोरमाटीचा भाग मला पाठवा, मी तपासून देतो. अन् परवानगी असेल तर आमच्या आरोग्य उपकेंद्रात पण लावू.

वॉर्ड_नंबर_७
परवानगी कसली मास्तर, लावा. उद्या फोटो टाकते.

मापाडी
एक विचारू का, धर्माबाद-बिलोलीकडच्या गावांनी २०१८ ला तेलंगणात जायचं म्हणलं होतं ते मग भाषेमुळं ना? तेलुगू आहेत म्हणून?

धर्माबादी_मिरची
नाही भाऊ. त्या गावांत मराठी घरंही तेच म्हणत होती. पलीकडं शेतकऱ्याला एकरी पैसे मिळायला लागले, अलीकडं रस्ता नाही, पाणी नाही. लोक योजना बघत होते. बाहेरच्यांनी त्याला भाषेचा रंग दिला. आमच्या गावात कुणी तेलुगू आहे म्हणून महाराष्ट्र सोडतो असं म्हणलेलं मी ऐकलं नाही. रस्ता द्या म्हणलेलं ऐकलंय.

पैठणची_सून
नाथांचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितेय. सोळाव्या शतकात पैठणात बसून एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यात दोघं कडाकडा भांडतात, एकमेकांच्या देवाधर्मावर बोलतात अन् शेवटी एकमेकांना मिठी मारतात. त्यातला तुर्क त्याच्या बोलीत बोलतो, नाथांनी त्याच्या तोंडात शुद्ध मराठी घातली नाही. अन् आमच्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत, ते पंजाबपर्यंत गेले, अन् पुढं गुरू गोविंदसिंग महाराज नांदेडला आले, १७०८ मध्ये इथंच त्यांनी देह ठेवला. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात नामदेवांचं पद ऐकलं की मला काय वाटतं ते सांगता येत नाही, शब्द गेले अन् शतकांनी फिरून गोदेच्या काठावर आले.

देगलूरकर
मंडळी, चाचांनी कागद वाचला.

जमिनीच्या विक्रीचा असेल असं वाटलं होतं, तसा नाही. विहिरीचा आहे. शिवेवरच्या एका विहिरीवर तिघांचा हक्क, पाण्याची पाळी कुणाची कोणत्या दिवशी, मोट कुणाची, बैल मेला तर पाळी कशी भरून काढायची, एवढं सगळं बारीक लिहिलंय. खाली तिघांच्या सह्या. एक उर्दूत, ती आमच्या शेजारच्या मळ्याच्या मूळ मालकाची. एक मोडीत, ती आजोबांची, वडलांनी ओळखली. म्हणजे आजोबा उर्दू शिकले पण सही मोडीतच केली, बालाघाट दादा तुमची आठवण आली. तिसरी मात्र चाचांनाही लागत नाही. गोल गोल अक्षरं आहेत, आम्हाला आधी नक्षी वाटली. फोटो टाकतोय, नावाच्या पुढचा भाग झाकलाय.

उदगीरची_लेक
कन्नड वाटत होतं पण नाही. डोक्यावरच्या रेघा तेलुगूसारख्या आहेत.

धर्माबादी_मिरची
तेलुगूच आहे. नाव वाचता येतंय, इथं टाकत नाही, तुम्हाला मेसेज केलाय. आडनावासारखं पुढं जे आहे ते गावाचं नाव आहे बघा.

देगलूरकर
मिळाला मेसेज. वडलांना वाचून दाखवलं तर ते उठूनच बसले. म्हणले अरे हे तर नाल्यापलीकडचे, त्यांचा नातू अजून तिथंच कसतो, विहीर बुजून वीस वर्षं झाली म्हणून जाणं-येणं कमी झालं. उद्या सकाळी निघतोय, चाचा पण येतो म्हणतायत. मिरचीवाले भाऊ, त्यांच्या घरी अजून तेलुगू बोलत असतील तर दारात गेल्यावर पहिलं काय म्हणू? "तिन्नारा" चालेल का सकाळी सकाळी?

धर्माबादी_मिरची
चालतंय. सकाळी "टिफिन अयिंदा" म्हणतात, पण तिन्नारा म्हणा, कळेल त्यांना. कागद प्लास्टिकमध्ये घालून न्या.